चाकांवरचे बिऱ्हाड आणि रानातले शेजारी



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर, होळकरशाहीवर, नाट्यसंगीतावर बोलणारी जाणकार मंडळी येऊन गेली. त्या मानाने माझा अधिकार काय, तर चौतीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर नवऱ्याबरोबर थोडेफार हिंडले. कार्यवाहांनी निमंत्रण देतानाच बजावले होते, "ताई, प्रवासावर बोला, पण काय काय पाहिले त्याची यादी नको." त्यांचे बरोबरच आहे. अमेरिकेला जाऊन आलेल्यांची या सभागृहात कमतरता नाही. नायगाऱ्यापुढे काढलेले फोटो घरोघरी आहेत. तेव्हा मी धबधब्यांबद्दल बोलणार नाही. मी बोलणार आहे चाकांवरच्या एका बिऱ्हाडाबद्दल, त्या बिऱ्हाडाच्या दारात आलेल्या जनावरांबद्दल आणि त्यांतल्या एका जनावराच्या बाबतीत माझ्या हातून घडलेल्या अपराधाबद्दल.

आमचा मुलगा कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरला असतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही त्याच्याकडे गेलो. मुलगा आणि सून कामावर, नात शाळेत. महिनाभर खिडकीतून रिकामा रस्ता पाहिल्यावर यांनी एका रात्री जेवताना जाहीर केले, "आपण दोघेच गाडी घेऊन यलोस्टोनला जाऊ." हे विद्युत मंडळातून निवृत्त झालेले अभियंते, वय सदुसष्ट. मी चौसष्टची. मुलाने आधी सरळ नाही म्हटले. मग बापाचा हट्ट पाहून दोन शनिवार एका रिकाम्या पार्किंगच्या मैदानात सराव करून घेतला आणि पंचवीस फुटी आरव्ही भाड्याने काढून दिली.

आरव्ही म्हणजे घर असलेली मोटार. पुढे ट्रकसारखी केबिन, तिच्या डोक्यावर एक पलंग, मागे दुसरा. मधे जेवणाचे टेबल, गॅसची शेगडी, फ्रीज आणि कपाटाएवढी न्हाणी-संडासाची खोली. पोटाखाली तीन टाक्या: एक चांगल्या पाण्याची, एक न्हाणी आणि मोरीच्या सांडपाण्याची आणि तिसरी तुम्ही ओळखली असेलच. ही तिसरी टाकी चार-पाच दिवसांनी ठरावीक जागी नेऊन जाड नळीने रिकामी करावी लागते. ज्या गृहस्थांनी चाळीस वर्षांच्या संसारात कधी मोरी धुतली नाही, ते हातमोजे घालून हे काम करताना मी पाहिले. नुसत्या या एका दृश्यासाठीसुद्धा प्रवासाचे पैसे वसूल झाले.

मुक्कामाच्या तळावर प्रत्येक गाडीला आखून दिलेली जागा असते. काही तळांवर त्या जागेशी विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याचे भोक असते. हे आल्या आल्या खिशातून टेस्टर काढून खांब तपासत आणि मगच केबल जोडत. शेजारच्या गाडीतले म्हातारे कौतुकाने बघत, मग आपल्याही खांबाची तक्रार घेऊन येत. तीन दिवसांत यांची तिथे निम्मी नोकरी पुन्हा सुरू झाली होती.

या तळांवर आम्हाला भेटलेली बहुतेक माणसे आमच्याच वयाची होती. तिकडे नोकरी संपली की घर विकून किंवा भाड्याने देऊन अशा गाडीत राहायला जाणारी जोडपी पुष्कळ आहेत. उन्हाळा उत्तरेच्या डोंगरांत, हिवाळा ॲरिझोनाच्या वाळवंटात. उद्यानांच्या तळांवर अशीच जोडपी हंगामभर यजमान म्हणून राहतात. जागा फुकट मिळते. त्याबदल्यात आलेल्यांना माहिती द्यायची, चुलाणी साफ करायची, रात्री दिवा घेऊन एक फेरी मारायची. आपल्याकडे काशीयात्रेला निघणारी जुनी माणसे घरदार मुलांवर सोपवून निघत, त्याची मला आठवण झाली. फरक एवढाच की ही माणसे परत यायची तारीख ठरवत नाहीत.

वाङ्मयाची सभा आहे, म्हणून एक गोष्ट सांगते. जॉन स्टाइनबेक या लेखकाने १९६० साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ट्रकवर छोटेसे घर बसवून घेतले आणि चार्ली नावाच्या कुत्र्याला बरोबर घेऊन अमेरिकेची प्रदक्षिणा केली. गाडीला त्याने डॉन किहोटेच्या घोड्याचे नाव दिले होते, रोसिनान्ते. १९६२ मध्ये 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे पुस्तक आले आणि त्याच वर्षी त्याला नोबेल मिळाले. हा थोर लेखक यलोस्टोनमध्ये शिरला आणि थोड्याच वेळात परत फिरला. कारण एरवी शहाण्यासारखा वागणारा तो कुत्रा रस्त्याकडेची अस्वले पाहून असा काही खवळला की त्याला आवरणे अशक्य झाले. शाळेत असताना मी ही गोष्ट गमतीची म्हणून मुलांना सांगत असे. १९६० मध्ये यलोस्टोनच्या रस्त्याकडेला इतकी अस्वले का उभी असत, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नव्हता. जीवशास्त्राच्या बाईंना तो सुचायला हवा होता. त्याचे उत्तर पुढे येईल.

डेन्व्हरहून निघून वायोमिंगच्या उघड्या माळांवरून आम्ही तिसऱ्या दिवशी टेटनच्या डोंगरांपाशी आणि तिथून यलोस्टोनमध्ये पोहोचलो. १८७२ मध्ये स्थापन झालेले हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान. जवळजवळ नऊ हजार चौरस किलोमीटरचा पसारा. त्यातल्या फिशिंग ब्रिज नावाच्या तळावर आमची जागा होती. तिथे तंबू ठोकायला परवानगीच नाही. पक्क्या भिंतींच्या गाड्याच उभ्या करता येतात, कारण तो भाग ग्रिझली अस्वलांच्या वावराचा. नोंदणीच्या खिडकीवर हातात एक कागद मिळाला. अस्वल आणि लांडगा यांच्यापासून १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर दूर राहा. बाकी मोठ्या जनावरांपासून २५ यार्ड, म्हणजे २३ मीटर. खाण्याचा कोणताही पदार्थ, भांडी, शेगडी, कचरा, इतकेच काय टूथपेस्टसुद्धा, गाडीबाहेर ठेवू नका. मी तो कागद पूर्ण वाचला. हे लक्षात ठेवा.

तिथल्या कचरापेट्यांबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय इंदूरकर म्हणून मला पुढे जाता येणार नाही. २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर आणणाऱ्या गावातले आम्ही. कचरा गाडीचे गाणे ऐकून ओला आणि सुका वेगळा घेऊन धावणारे. पण तिथली लोखंडी पेटी यांना पहिल्या दिवशी उघडताच येईना. झाकणाची कडी एका खोबणीत आत लपवलेली असते. माणसाची बोटे आत जाऊन ती दाबू शकतात, अस्वलाचा पंजा जात नाही. हे तीन मिनिटे झटत होते. मी म्हटले, "अहो, ही पेटी तुम्हाला अस्वलच समजतेय."

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी हलायला लागली. झोपेत मला भूकंप वाटला. तो मुलूख ज्वालामुखीचा, त्यामुळे ती शंका अगदीच खुळी नव्हती. हे पडदा सारून बघतात तो खिडकीच्या काचेला चिकटून एक डोळा. बायसन होता आणि तो आमच्या गाडीच्या कोपऱ्याला अंग घासत होता. आपल्याकडे गव्याला इंग्रजीत सर्रास बायसन म्हणतात, पण ते प्राणी वेगळे. या बायसनला भलेमोठे वशिंड, दाढी आणि डोक्यावर केसांचे ओझे. नराचे वजन नऊशे किलोपर्यंत भरते. दिसायला सुस्त, पण माणसाच्या तिप्पट वेगाने धावतो. यलोस्टोनमध्ये माणसांना सर्वांत जास्त इजा अस्वलांनी नाही, याच प्राण्याने केल्या आहेत, बहुतेक वेळा माणूस फोटोसाठी जवळ गेला म्हणून.

आम्ही दोन तास आत बसून राहिलो. हे दोनदा दाराच्या कडीपर्यंत गेले आणि दोनदा परत येऊन चहा पिऊन बसले. खांबाला जोडलेल्या विजेच्या केबलची त्यांना काळजी. समोरच्या गाडीतल्या आजी खिडकीतून आम्हाला खुणेने सांगत होत्या, बसा, बसा. त्यांच्या हातातही चहाचा कप होता. शेवटी अंगाची खाज भागल्यावर ते महाराज सावकाश निघून गेले आणि पाठोपाठ त्यांचा चाळीस-पन्नास जणांचा परिवार तळाच्या रस्त्यावरून चालत गेला. १९०२ मध्ये या उद्यानात जेमतेम दोन डझन बायसन उरले होते. कोट्यवधींच्या कळपांची शिकार होऊन मागे राहिलेले तेवढेच. आज तिथे त्यांची संख्या हजारांत आहे. दोन तास खोळंबून राहण्याचा मला राग आला नाही; ज्याचे घर त्याने आधी निघावे.

रात्री वेगळाच आवाज येई. एखादे गंजलेले फाटक उघडावे आणि त्याच दमात कोणी उंच शीळ घालावी, तसा. पहिल्या रात्री मला वाटले, कोणाचे तरी मूल रडते आहे. तो एल्कचा आवाज होता. आपल्या सांबराच्या कुळातले, पण त्याहून थोराड हरीण. सप्टेंबर हा त्यांच्या नरांच्या माजाचा महिना. बाहेर थंडी, आत पांघरुणात आम्ही दोघे, आणि डोंगरात एक नर हाक देई, दूरवरून दुसरा उत्तर देई. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्याच्या जंगलात मुक्काम करून त्यावर पुस्तक लिहिले, मारुती चितमपल्ली तर वनखात्याच्या नोकरीतच रानात राहिले. ही पुस्तके मी शाळेच्या ग्रंथालयातून कितीदा तरी नेली होती. रानात नुसते पडून ऐकण्यात काय असते, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळले.

आता मुख्य गोष्ट.

यलोस्टोनहून परतताना टेटनच्या पायथ्याशी, एका तळ्याकाठच्या तळावर आमचा तीन दिवसांचा मुक्काम होता. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे पितृपक्ष. माझ्या सासूबाई सासऱ्यांच्या आधी गेल्या, त्यामुळे आमच्याकडे त्यांची तिथी अविधवा नवमीला असते. फोनवर मुलाने विचारले, "आई, नवमी इथली धरायची की इंदूरची? तिथे उजाडते तेव्हा इथे आदली रात्र असते." हे म्हणाले, "ज्या दिवशी तुझ्या आईला जमेल, त्या दिवशी तुझ्या आजीची नवमी."

गाडीतल्या त्या शेगडीवर मी स्वयंपाक केला. वरण-भात, तांदळाची खीर, उडदाचे चार वडे. तूप डेन्व्हरहून कढवूनच नेले होते. केळीचे पान कुठले मिळायला, कागदाच्या ताटलीत पान वाढले. गाडीच्या मागे दहा-बारा पावलांवर पाइनच्या तोडलेल्या झाडाचे खोड होते. हे ताटली घेऊन तिथे गेले, खोडावर ठेवली, पाणी फिरवले आणि हात जोडून उभे राहिले. वरच्या फांदीवर एक मोठा डोमकावळा बसला होता. त्याने मान वाकडी करून पाहिले, घशातून एक आवाज काढला, पण खाली येईना. यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "तिला काहीतरी राहून गेल्यासारखे वाटतेय." मी म्हटले, "परका कावळा आहे, आपण समोर उभे म्हणून बुजतोय. आत जाऊ या, मग येईल." आम्ही आत जाऊन जेवायला बसलो.

तुम्ही म्हणाल, तो कागद कुठे गेला? कागद समोरच फ्रीजवर चुंबकाने लावलेला होता. आदल्या आठ दिवसांत मी बाहेर कधी चमचासुद्धा विसरले नव्हते. पण बाहेर अन्न ठेवू नका, हे वाक्य आणि खोडावर ठेवलेला घास, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्याच नाहीत. अन्न म्हणजे आपण खातो ते, टाकतो ते. घास म्हणजे घास. तो अन्नात मोडतो, हेच मला सुचले नाही. चौतीस वर्षे मी मुलांना अन्नसाखळी शिकवली होती.

वीस मिनिटेही झाली नसतील. मागच्या खिडकीतून मला खोडाशी काहीतरी तपकिरी हलताना दिसले. आधी कुत्रा वाटला. मग त्याने मान वर केली. अस्वल होते. ग्रिझली नव्हे, त्याच्या खांद्यावर उंचवटा नव्हता. काळे अस्वल म्हणतात त्या जातीचे. नाव काळे असले तरी त्या भागात त्यांतली कितीतरी तपकिरी असतात. अजून पुरते न वाढलेले, नुकतेच आईपासून सुटलेले असावे. त्याने ताटली पंजाने धरून चाटली, खीर चाटली, खोडावर सांडलेले तूप चाटले. मग नाक वर करून वारा हुंगला आणि थेट आमच्या गाडीकडे आले.

मागच्या दोन पायांवर उभे राहून त्याने पुढचे पंजे दारावर टेकवले. पत्र्यावर नखे घासल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. दारावरच्या छोट्या काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरली, पुसली गेली, पुन्हा धरली. आत वड्यांचा वास दरवळत होता. मी ताट हातात धरून पुतळ्यासारखी उभी. यांना सुचले ते एवढेच, की पुढे जाऊन त्यांनी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. अस्वल दचकून खाली उतरले आणि झाडीत पळाले. हॉर्न ऐकून तळाचे यजमान जोडपे पातेली बडवत धावत आले. ते दोघेही सत्तरीच्या पुढचे. पाठोपाठ उद्यानाची रेंजर आली, माझ्या मुलीच्या वयाची एक मुलगी.

तिने खोड पाहिले, ताटली उचलली, आणि विचारले, कोणी ठेवली? हे म्हणाले, "मी." मी म्हणाले, "मी." मग मी तिला सगळे सांगितले. सासूबाई, तिथी, कावळा. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मला वाटले होते ती हसेल किंवा रागावेल. तिने वहीत लिहिले: भात, डाळ, तूप, दुधाचा गोड पदार्थ. मग शांतपणे म्हणाली की तुमचा हेतू मला समजला, पण अस्वलाला तो समजणार नाही. त्याला एवढेच कळले की या खोडावर आणि या पांढऱ्या खोक्यांत अन्न असते. आता ते पुन्हा येईल. आम्ही त्याला फटाक्यांसारखे आवाज करून, रबरी गोळ्या मारून हाकलू. घाबरून गेले तर वाचले. पुन्हा पुन्हा येत राहिले, दारे तोडू लागले, तर त्याला मारावे लागेल. मी विचारले, दुसरीकडे नेऊन नाही का सोडता येत? ती म्हणाली, काही वेळा नेतो, पण पुष्कळ अस्वले परत येतात, किंवा दुसऱ्या तळावर जाऊन तेच करतात. तिथे एक म्हण आहे, तिचा अर्थ असा: ज्या अस्वलाला माणसाने भरवले, ते मेलेच म्हणून समजा.

मग तिने दंडाची चिठ्ठी लिहून यांच्या हातात दिली. यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. आमची गाडी तळाच्या दुसऱ्या टोकाला हलवायला सांगितली.

त्या संध्याकाळी यजमानीण बाई आमच्याकडे येऊन बसल्या. त्यांनी रस्त्याकडेच्या अस्वलांची गोष्ट सांगितली, आणि स्टाइनबेकच्या कुत्र्याचे कोडे मला सुटले. एके काळी यलोस्टोनमध्ये हॉटेलांचे खरकटे उकिरड्यावर टाकत आणि ते खायला येणारी अस्वले पाहण्यासाठी लोकांना बसायला चक्क पायऱ्या-पायऱ्यांची बाके मांडलेली होती. संध्याकाळचा तो खेळच असे. १९१५ मध्ये मोटारींना उद्यानात प्रवेश मिळाला, तेव्हापासून रस्त्याकडेला अस्वले भीक मागायला उभी राहू लागली. खायला घालणे नियमाने बंद होते, पण लोक काचा खाली करून बिस्किटे, सँडविच देत. मुलाबाळांचे फोटो काढत. प्रेमानेच देत. परिणाम असा झाला की १९३१ ते १९६९ या काळात अस्वलांनी माणसांना जखमी करण्याचे प्रकार वर्षाला सरासरी अठ्ठेचाळीस होते.

शेवटी १९७० च्या सुमारास उकिरडे बंद झाले. फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे दोघे भाऊ तिथल्या ग्रिझलींचा वर्षानुवर्षे अभ्यास करत होते. त्यांचे म्हणणे होते की हे हळूहळू करा, पिढ्यान्‌पिढ्या खरकट्यावर वाढलेली जनावरे एकदम उपाशी पडली तर माणसांच्या वस्तीत शिरतील. त्यांचे ऐकले गेले नाही. पुढच्या काही वर्षांत कितीतरी अस्वले तळांवर येऊन मेली आणि १९७५ मध्ये ग्रिझलीला धोक्यातला प्राणी म्हणून कायद्याचे संरक्षण द्यावे लागले. म्हणजे पन्नास-साठ वर्षे लोकांनी हौसेने भरवले आणि त्याची किंमत अस्वलांनी मोजली.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. टेटनमध्ये ३९९ या क्रमांकाने ओळखली जाणारी एक ग्रिझली मादी होती, १९९६ मध्ये जन्मलेली. २०२० मध्ये, चोविसाव्या वर्षी, तिने एकदम चार पिल्ले बाहेर आणली. साऱ्या जगातून लोक तिला पाहायला येत. त्या चार पिल्लांपैकी एकाला पुढे माणसाच्या अन्नाची चटक लागली आणि २०२२ मध्ये त्याला मारावे लागले. एवढ्या लाडक्या आईचे मूलसुद्धा वाचले नाही. हे सांगताना बाई माझ्याकडे पाहत नव्हत्या, खिडकीबाहेर पाहत होत्या. मला दोष देऊन त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यामुळे जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळाच्या त्या टोकाकडून तीन-चार बार वाजल्यासारखे आवाज आले. म्हणजे ते आले होते. यांनी ताट बाजूला सारले. आम्ही दोघे काही न बोलता बसून राहिलो. माझ्या मनात एकच येत होते: ते बिचारे आपल्या समजुतीने बरोबरच वागते आहे. काल इथे खीर होती, आज बंदुकीचे आवाज आहेत. त्याला हे कोण समजावणार?

तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. ऑक्टोबरमध्ये बाईंचा निरोप आला की तळ हंगामापुरता बंद होईपर्यंत ते अस्वल पुन्हा दिसले नाही. या वाक्याचे दोन अर्थ होतात, हे मलाही कळते. मी चांगला अर्थ धरून चालले आहे. त्याच महिन्याच्या शेवटी बातमी वाचली, ती ३९९ मादी रस्त्यावर मोटारीखाली सापडून मेली. वय अठ्ठावीस. तिच्या बरोबर त्या वेळी एक वर्षाचे पिल्लू होते.

परत आल्यापासून मी या सगळ्यावर पुष्कळ विचार केला. आपल्या संस्कृतीत प्रेम करायचे म्हणजे खाऊ घालायचे. दाराशी आलेल्या गायीला गोग्रास, पितरांसाठी काकबळी, मुंग्यांना साखर, चिमण्यांना तांदूळ. परदेशी निघालेल्या मुलाच्या बॅगेत आपण कपड्यांआधी चिवडा भरतो. हे सगळे खोटे आहे किंवा सोडून द्या, असे मी म्हणणार नाही. गाय, कावळा, चिमणी ही हजारो वर्षे आपल्या अंगणात वाढलेली मंडळी. त्यांचा आणि आपला शेजार जुना आहे, घास देण्याघेण्याचे नाते दोघांनाही माहीत आहे. चूक तिथे झाली, जिथे मी अंगणातला नियम रानात नेला. रानातल्या प्राण्याला माझी गरज नव्हती. मी त्याला गरज लावली.

आणि हे अमेरिकेपुरतेच आहे का? ओंकारेश्वरला जाताना घाटात गाड्या थांबतात. माकडांना केळी, फुटाणे, बिस्किटे देतात. मुलांना खांद्यावर घेऊन दाखवतात. मीही दिली आहेत. शाळेची सहल नेली तेव्हा मुलांच्या हातून दिली आहेत. आज ती माकडे झाडावर चढायच्या ऐवजी रस्त्याच्या कठड्यावर रांगेने बसतात, गाडी हळू झाली की अंगावर येतात, लहान मुलांच्या हातातले हिसकतात. मग आपणच म्हणतो, माकडे फार माजली आहेत, वनखात्याने बंदोबस्त करावा. कोणाच्या तरी चाकाखाली एखादे पिल्लू सापडते, आणि गाडी पुढे निघून जाते. त्या रेंजर मुलीने मला जे सांगितले, ते घाटात उभे राहून आपल्याला सांगणारे कोणी नाही, एवढाच फरक.

आम्ही आवराआवर करून घरी आलो, तरी ती दंडाची चिठ्ठी यांनी फेकली नाही. ती यांच्या आईच्या फोटोमागे खोचलेली आहे. गेल्या वर्षी नवमीला आम्ही गच्चीवर घास ठेवला. पाच मिनिटांत आमचा ओळखीचा कावळा आला, आधी वडा उचलला आणि कठड्यावर जाऊन बसला. हे म्हणाले, "बघ, तिला तिथले काही राहून गेले नव्हते. तिला फक्त घरी जेवायचे होते." मी त्यावर काही बोलले नाही. मला त्या वेळी दुसरेच तोंड आठवत होते, दाराच्या काचेवर वाफ धरणारे.

आपल्यातल्या पुष्कळ जणांची मुले बाहेर आहेत. तुम्हीही कधी ना कधी अशा गाडीतून हिंडाल. जरूर हिंडा, गुडघे चालताहेत तोवर हिंडा. जनावर जवळ आले तर आत बसून चहा करा आणि त्याला जाऊ द्या. त्याच्यासाठी करण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याला तुमची ओळखच होऊ न देणे. आणि तेवढे लांब जायचे नसेल, तर पुढच्या सोमवारी ओंकारेश्वरला निघाल तेव्हा घाटात गाडीची काच वर ठेवा. मुले हट्ट करतील. त्यांना ही अस्वलाची गोष्ट सांगा.